जांभळे दात

१४ एप्रिल, रविवार

आणखी सात! सकाळी दार उघडलं तर ओट्यावर ताडपत्रीत गुंडाळलेली पाणमांजरांची सात कातडी, शेजारी बादलीत सात कवट्या. ऑरिन आत येऊन शेगडीपाशी उभा. माझ्याकडं पाठ. शेगडीलाच म्हणाला, "दाजी घरात आहेत का?" मी खिडकीकडं बघत म्हटलं, "आहेत. झोपलेत." मग लायमनला उठवावं लागलं. डोळे चोळत आला, आमच्या दोघांच्या मधे उभा राहिला, आणि व्यवहार सुरू!

"ती विचारतेय, कुठली कातडी?"

"बगळाखाडी."

"बगळाखाडी म्हणतोय."

अरे, ऐकू आलं मला! बहिरी आहे का मी? पण रीत ती रीत. सख्ख्या बहीणभावांनी मोठं झाल्यावर तोंडावर बोलायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. तोच मान. गावात आता कुणी पाळत नाही. आम्ही पाळतो, कारण आईनं पाळायला लावलं. तो तेरा वर्षांचा झाला त्या दिवसापासून मी माझ्या भावाला नावानं हाक मारलेली नाही. पंचेचाळीस वर्षं झाली!

लायमनला मात्र हे मधलं माणूस होणं मनापासून आवडतं. "मेहुण्या, पुढच्या वेळी जरा दुपारी येत जा. फुकटचा दुभाषा आहे मी, रात्रपाळीचा नाही," म्हणाला. ऑरिन हसला. माझ्यासमोर तो फक्त लायमनच्या बोलण्यावर हसतो.

दिवसभर सरकारी नंबराच्या कड्या लावल्या. प्रत्येक कातड्याला एक, प्रत्येक कवटीला एक, एक दात उपटून पाकिटात. वहीत तारीख, नर की मादी, जागा. खाली माझी सही. अकरा वर्षं करतेय. पाणमांजर मारायचं ते आमच्याच, इथल्या मूळच्या लोकांनी, आणि प्रत्येकाची नोंद माझ्याकडं व्हायची, असा कायदा आहे. वन्यप्राण्यांच्या सरकारी कचेरीतली माणसं पाच वेळा बदलली, मी नाही बदलले. एक चूक दाखवा म्हणावं.

१९ एप्रिल

हेरिंग माशांची अंडी आली, त्यासाठी पाण्यात सोडलेल्या फांद्यांवर. फांद्याच्या फांद्या पांढऱ्या लगडलेल्या. लायमननं सीलच्या तेलात बुडवून उभ्या उभ्याच खाल्ली. मी एक वाटी आईच्या नावानं चुलीत टाकली. गेल्या वर्षी या दिवसांत ती होती, आणि अंडी करकरीत नाहीत म्हणून कुरकुरत होती.

आईचं वर्षाचं कार्य बारा ऑक्टोबरला. सहा महिनेसुद्धा राहिले नाहीत! गावाच्या दोन बाजू, डोमकावळा आणि गरुड; आम्ही डोमकावळ्याकडचे. आमच्यातलं माणूस गेलं की आम्ही नुसतं रडायचं. खड्डा खणायचा, पेटी करायची, रांधायचं, सगळं गरुडाकडच्यांनी. म्हणजे लायमनच्या लोकांनी. वर्षानंतर आम्ही त्यांना बोलावून त्याची फेड करायची. जेवण आमच्या खाडीतलं, अहेर आमच्या हातचे. गेलेल्या माणसाला ते तिकडं पोचतं. त्यात खोट राहिली तर आई तिकडं उघडी, उपाशी.

आईची पेटी थॅडियस मामांनी केली. लायमनचे सख्खे मामा, त्यांच्या घराण्याचे मुख्य. एक्याऐंशीचं वय, हात थरथरतात, तरी रंधा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. त्यांच्यासाठी फरची शाल करतेय. अख्खी, पाणमांजराची, जुन्या काळी मुख्य माणसं पांघरायची तशी. दहा कातडी लागतील. सहा ऑरिनच्या आधीच्या खेपांतली आहेत, या सातांतली चार चांगली आहेत.

२ मे

खेकड्याचे पिंजरे आठ. खेकडे दोन. लायमन पाण्याकडं बघून पाणमांजरांना ओरडला, "या, आणखी या! घरात या, ताट वाढतो!"

९ मे

कचेरीचं पत्र. दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

दोन वर्षांत एकसष्ट पाणमांजरं, सगळी ऑरिननं आणलेली, सगळी एकट्या बगळाखाडीतून, आमच्या घराण्याच्या खाडीतून. एका खाडीला हे सोसणार नाही, म्हणतायत. जबरदस्ती नाही, पण गावानं आपणहून तिथली शिकार थांबवावी अशी विनंती. अठराला पाहणीवाली बाई येणार, सभा घ्यायला.

थांबवावी! लायमनचा पाणबुड्याचा पोशाख सहा वर्षं खुंटीला टांगलाय. समुद्रकाकड्या, तळावरचे ते काकडीसारखे जीव, विकायला काढायचा तो, चाळीस हात खोल. एका हिवाळ्यात पाणमांजरं आली, पुढच्या हिवाळ्यात तळ साफ. दिवसाला आपल्या वजनाच्या पाव भागाइतकं खातात! आता बर्फाच्या कारखान्यात फावडं मारतो. पन्नाशीच्या पुढं माणसानं बर्फ उपसायचा. आणि शिकार थांबली तर बगळाखाडीत आहेत त्या शिंपल्याही जातील. मग कार्याला आईच्या नावानं पाहुण्यांना काय वाढू? दुकानातली कोंबडी?

१८ मे

सभा झाली. शाळेत, बास्केटबॉलच्या पट्ट्यांवर खुर्च्या मांडून.

पाहणीवाल्या बाईचं नाव ग्रेटा. पोरगेलीशी आहे, नाकाला ऊन लागलेलं. वाईट नाही. पडद्यावर नकाशा दाखवला. सगळा किनारा पांढरा, आणि बगळाखाडीवर एकच मोठा लाल ठिपका. गळू आल्यासारखा.

लायमन उठला. "बाई, आमच्या पणज्यांच्या वेळी परक्यांनी एकूण एक पाणमांजर मारून नेलं. आम्हाला विचारलं? नाही. मग साठ वर्षांपूर्वी सरकारनं विमानात घालून परत आणलं. तेव्हा विचारलं? नाही. आता आमचं जेवण ती खातात, तर म्हणता, जरा दमानं घ्या!" टाळ्या पडल्या. ग्रेटा म्हणाली, "तुमचं खरं आहे. म्हणूनच आज विचारायला आलेय." हे मात्र बरं बोलली.

मग थॅडियस मामा काठी टेकून उभे राहिले. आता काही भारी बोलतील असं वाटलं. तर म्हणाले, "आमच्या सुळक्याच्या खाडीत काटेगोळे परत आलेत. बारा वर्षांनी खाल्ले. गोड होते." आणि बसले! शिकारीच्या सभेत खडकांवरच्या काटेरी गोळ्यांची चव! सगळे हसले. म्हातारा भलतीकडंच गेला, असं मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा. मामांनी भिंतीशी उभ्या ऑरिनकडं बघून मान हलवली. ऑरिननं बुटांकडं बघितलं.

ग्रेटानं मला विचारलं, "प्रत्येक कातडं बगळाखाडीचंच? नक्की?"

"माझी सही आहे," म्हटलं. जरा जोरातच म्हटलं.

नंतर चहाच्या टेबलापाशी ती पुन्हा आली. तुम्ही शिकाऱ्याला स्वतः विचारता का, म्हणाली. मग तिला आमची रीत सांगितली. भावाशी बोलत नाही, नवरा मधे असतो. तिनं काही लिहून घेतलं नाही. "अकरा वर्षं असंच?" एवढंच म्हणाली. मला उगाच राग आला.

१९ मे

ऑरिन सभेत एक अक्षर बोलला नाही. स्वतःच्या खाडीसाठीसुद्धा!

४ जून

आज वर्षातली मोठी ओहोटी. एकटीच गेले बगळाखाडीत. होडी मला येते म्हणावं, अजून.

काय लिहू? दगडांपाशी इंजीन बंद केलं. समोर शेवाळाच्या रानात पाणमांजरं. मोजली. त्रेचाळीसपर्यंत मोजली आणि सोडून दिली. पोटावर शिंपला, शिंपल्यावर दगड. टक टक टक. पिल्लं आयांच्या छातीवर. मी वीस हातांवर आणि एकही हललं नाही! एकानं मान वळवून बघितलं आणि परत फोडायला लागलं.

बंदूक पाहिलेलं पाणमांजर होडीचा आवाज मैलावरून ओळखतं. बुडी मारतं, ते दिसतच नाही. इथं दोन वर्षांत एकसष्ट मारली म्हणे. एक तरी मारलंय का?

पांढरीही होती. डोकं, गळा, छाती, सगळं पिकलेलं. आईची मैत्रीण! आई शेवटचे दोन उन्हाळे इथल्या, मासे धुरवायच्या झोपडीत राहायची. मासे मी आणि ऑरिन टांगायचो, वेगवेगळ्या वेळी येऊन, आणि ती दारात खुर्ची टाकून पाण्याशी गप्पा मारायची. "आलीस का गं हावरे? बघा, माझ्याच शिंपल्या, माझ्याच तोंडासमोर!" आणि स्वतःच हसायची. आज ती पांढरी होडीच्या इतक्या जवळ आली की मिशा दिसल्या. मी तिला शिव्या देणार होते. दिल्या नाहीत.

शिंपल्या अर्धी बादली. पूर्वी याच ओहोटीला चार बादल्या भरायच्या.

५ जून

दात!

रात्रभर ऑरिनच्या त्या सात कवट्या डोळ्यांपुढं. सकाळी पाकिटं काढली. सातही दात जांभळे. फिकट जांभळाच्या रसात बुडवल्यासारखे. कवट्यांची हाडंही तशीच.

जांभळे काटेगोळे खाणाऱ्या पाणमांजराचे दात जांभळे होतात. हे मला कुणी शिकवायला नको, मीच नव्या माणसांना शिकवते! आणि बगळाखाडीत नुसता चिखल आणि वाळू आहे. शिंपल्या, खेकडे. काटेगोळा एक नाही, कधीच नव्हता. काटेगोळे असतात बाहेरच्या खडकांत. सुळक्याच्या खाडीत.

थॅडियस मामांच्या खाडीत.

दोन वर्षं मी जांभळे दात उपटतेय, पाकिटात घालतेय आणि वर लिहितेय — बगळाखाडी. हातात धरून दिसलं नाही मला. भावानं सांगितलं म्हणून लिहिलं. आणि सही!

६ जून

लायमनला विचारलं. तोही हादरला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तो हल्ली समुद्रावर जातोच कुठं? "तो बगळाखाडी म्हणाला, मी बगळाखाडी म्हटलं. मी फक्त निरोप्या!"  मग, "मामांना विचारलं असेल ना त्यानं?"

"विचारलं असतं तर खोटं कशाला सांगितलं असतं?"

तो टोपी घालून कामाला गेला. 

दुसऱ्या घराण्याच्या खाडीत न विचारता शिकार! कायद्याच्या कागदावर खाडी कुणाची नसते. आमच्यात असते. मला सगळ्यात जास्त लागलंय ते शालीचं. ज्या माणसानं माझ्या आईची पेटी केली, त्याच्या खाडीतून चोरलेली कातडी शिवून मी त्यालाच भर मांडवात पांघरणार होते. "घ्या मामा, आमच्याकडून!" त्याचंच त्याला! यानं आईची फेड होणार? तिकडं तिच्या अंगावर काय पडणार, चोरीचा माल?

सहा कातडी जोडून झाली होती. उसवायला बसले. घाईत फर दोन ठिकाणी फाटली.

१० जून

लायमनला ऑरिनकडं पाठवलं. उत्तर आणलं — "हो, सुळक्याची. तिला सांगा, काळजी करू नको." बस्स! एवढंच! काळजी करू नको!

परत पाठवलं. मामांना विचारलं होतं का, एवढं विचारून ये. लायमन म्हणतो, ऑरिननं त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "दाजी, तुमच्यामार्फत नाही सांगता येत."

म्हणजे नाही विचारलं. लायमनच्या मामांची चोरी लायमनच्या तोंडून कशी कबूल करणार? लाज वाटली असेल. वाटलीच पाहिजे.

१ जुलै

सॅमन आले. धूर, मीठ, खवले. बोटं चिरली. शाल तशीच पडलीय. ऑरिन रात्री येऊन लाकडं टाकून जातो. मी दार उघडत नाही.

१९ जुलै

लायमन मधे पडायला बघतो. "मामांना सांगून टाकू. म्हातारा हसेल, एक शिवी देईल, संपलं." त्याचं काय जातं! तो त्यांच्याकडचा आहे. मान खाली जाईल ती आमची. आणि रिकाम्या हातानं काय सांगायचं? आधी खरी शाल तयार हवी, आमच्या खाडीतली. मग जुनी कातडी परत नेऊन पायाशी ठेवीन आणि सांगेन. त्याच्याआधी नाही.

निरोप धाडला — बगळाखाडीतून मोठी सहा आण, तेवढी पुरतील. कार्याआधी कमावून शिवायला वेळ पाहिजे. लवकर.

२० जुलै

उत्तर — "तेवढं सांगू नकोस म्हणावं."

२७ जुलै

पुन्हा निरोप. पुन्हा तेच. "तिला म्हणावं, दुसरं काहीही सांग. अहेराला कांबळी विणून घेतो, होडी विकतो. ते नको."

का नको? आहेत ना तिथं, त्रेचाळीस! स्वतः मोजलीत! दुसऱ्याच्या खाडीत हात लांब आणि स्वतःच्या खाडीत हात जड?

३ ऑगस्ट

मी बोलले.

धक्क्यावर होता, होडीत पेट्रोल घालत. लायमन बरोबर नव्हता. मी फळ्यांवरून चालत गेले, समोर उभी राहिले आणि बोलले. तोंडावर. नावानं.

"ऑरिन," म्हटलं.

नळीतलं पेट्रोल पाण्यात सांडलं. त्यानं मान वर केली नाही. धक्क्यावर चारपाच माणसं होती, ती आपोआप लांब सरकली. सगळ्यांना कळलं काय चाललंय ते.

मी म्हटलं, "आईच्या नावाला काळं फासलंस. तिची पेटी ज्यानं केली त्याच्या घरात चोरी केलीस. मला खोटं लिहायला लावलंस. आणि आता तिच्या कार्याला तिच्या खाडीतून सहा कातडी आणायला सांगतेय, तर तेवढंही होत नाही तुझ्याच्यानं? आई असती तर लाजेनं मेली असती." असं आणखीही बरंच. सगळं लिहीत नाही. बोलायला एकदा सुरुवात झाली आणि पंचेचाळीस वर्षांचं साचलेलं बाहेर आलं. लहानपणी त्यानं माझी वल्ही हरवली होती तीसुद्धा काढली!

तो ऐकत होता. एकदा हात वर केला, थांब म्हणावं तसा. मग खाली घेतला. कानांच्या पाळ्या लाल. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण मला तो तेराच वर्षांचा दिसला.

मग पेट्रोलच्या डब्याकडं बघत म्हणाला, "बरं. आणतो."

त्यानं रीत मोडली नाही. मी मोडली.

४ ऑगस्ट

गावभर झालं. दुकानातल्या पोरीनं माझ्याशी नजर मिळवली नाही.

मी बरोबरच केलं.

११ ऑगस्ट

लायमनला मुद्दाम बरोबर पाठवलं होतं. खाडी कुठली ते या वेळी डोळ्यांनी बघ, म्हटलं. दोघं दुपारी परतले. सहा.

वाटलं होतं लायमन शीळ घालत येईल. सहा वर्षं त्या प्राण्यांना शिव्या घालतोय! तर आला, हात धुतले, जेवायला नको म्हणाला.

पाचवं कातडं उलगडलं आणि हात थांबले. डोकं पांढरं. गळा पांढरा. छाती.

"हीच कशी आली?" मी विचारलं.

"पहिल्या गोळीला बाकीची पळाली," लायमन म्हणाला. "पाच मिळायला दोन तास गेले. सहावं मिळेना. तेव्हा ही आपणहून होडीपाशी आली. तो बराच वेळ तिच्याशी बोलत बसला होता, विनी. मी पुढं तोंड करून बसलो. मग आवाज आला."

शिकारी जनावराशी दोन शब्द बोलतो, ते सगळेच करतात. इतका वेळ मात्र कुणी बोलत नाही.

कड्या लावल्या. दात काढले. पाच कवट्यांचे दात पांढरे. पांढरीचे दात हिरडीपर्यंत झिजलेले, चिमट्यात धरायला काही नव्हतं. शिंपल्या फोडून फोडून. आमच्या शिंपल्या! जागा — बगळाखाडी. या वेळी खरं लिहिलं. बरं वाटायला हवं होतं.

१२ ऑगस्ट

ग्रेटाला पत्र लिहिलं. सगळं. एकसष्टांची जागा चुकीची, जांभळे दात, माझी सही. बगळाखाडीत त्रेचाळीसच्या वर आहेत, मी मोजलीत. ऑरिनचा दोष लिहिला नाही. विचारायला पाहिजे होतं मी, विचारलं नाही, असं लिहिलं. काम जाणार. जाऊ दे.

६ सप्टेंबर

उत्तर आलं. मी शिक्षेची वाट बघत होते, आणि बाई आभार मानते! स्वतः विमानातून मोजणी करून गेली म्हणे. बगळाखाडीत भरपूर आहेत, तिथं शिकारीला हरकत नाही. सुळक्याच्या खाडीला दोन वर्षं विसावा द्यावा. काम माझ्याकडंच. फक्त यापुढं जागा शिकाऱ्याच्या तोंडून ऐकावी. खाली हातानं लिहिलंय — "भावाच्या बाबतीत तुम्हाला योग्य वाटेल तसं."

लायमननं मोठ्यानं वाचून दाखवलं. मला हसू आलं, मग रडू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडले.

८ सप्टेंबर

गावातला व्हर्नन आणि त्याचे दोघं भाऊ आले. टोप्या हातात. "विनी मावशी, आता तुमची खाडी खुली झालीय म्हणे. आम्ही गेलो तर चालेल का?" विचारायला आले! अशी चांगली माणसं असतात. ऑरिननं हे शिकावं.

खाडी त्याचीही आहे, पण त्याच्या वतीनं मीच हो म्हटलं. जा, म्हटलं, तेवढ्याच शिंपल्या वाचतील.

१३ सप्टेंबर

व्हर्ननची एकोणीस कातडी. दिवसभर कड्या. नंतर आणखी दोन होड्या गेल्या.

२१ सप्टेंबर

शाल झाली. सहा पुरली, मोठी होती. पांढरीचं मधोमध घातलं, मानेमागं येईल असं. आमच्याच खाडीतलं, आमच्याच हातचं. हात फिरवला की बोटं बुडतात. लायमननं बघितली. "मामांना शोभेल," म्हणाला आणि बाहेर गेला.

ऑरिन आला होता. ओट्यावर हरणाची तंगडी ठेवून गेला. मी आत होते. हाक मारावीशी वाटली. पण आता रीत परत धरलीय.

बगळाखाडीत शुकशुकाट आहे, असं व्हर्नन म्हणाला. उरली ती बाहेर गेली असतील. शिंपल्या वाढतील आता. कार्याला नाही, पण पुढच्या वर्षी नक्की.

२८ सप्टेंबर

उद्या मामांकडं जाते. जांभळ्या दातांची दहा कातडी धुऊन, बांधून ठेवलीत. पायाशी ठेवायची, चूक कबूल करायची, काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं. मग बाराला मान वर करून शाल पांघरता येईल.

२९ सप्टेंबर

मामांनी गाठोडं उघडून बघितलं आणि म्हणाले, "ही परत कशाला आणलीस, सूनबाई? हीच माझी आहेत ना?"

आई दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दारात गेली होती. चालत, त्या गुडघ्यांनी! म्हणाली — "माझ्या खाडीतली राहू देत. शंभर वर्षांनी घरी आलीत, उपाशी आहेत, मला सोबत होते. माझ्या पोराला तुमच्याकडं शिकार करू द्या. तूर्त जावयाला कळू देऊ नका, त्याचं पोट त्यांनीच मारलंय. माझ्या कार्याला तुम्हीच सांगा सगळ्यांना." मामांनी हो म्हटलं होतं. त्यांच्या खाडीची शाल पांघरून ते बाराला उभे राहून हेच सांगणार होते.

ऑरिनला सगळं माहीत होतं. तरी त्या दिवशी धक्क्यावर तो "बरं" म्हणाला.